वाडगा उलटा करून बघणारे

लाकूड कातण्यात मुरलेला माणूस दुसऱ्याच्या हातचा वाडगा उचलतो तेव्हा बहुतेक वेळा आधी तो उलटा करतो. काठ, चकाकी, लाकडातल्या रेषांची नक्षी हे सगळं नंतर. बुडाशी लाकूड पकडून ठेवणाऱ्या चकच्या जबड्यांचे व्रण राहिलेत का, बैठक नीट टेकावी म्हणून मधला भाग किंचित आत घेतलाय का, बाहेरचा बाक बुडापर्यंत सलग येतो की खाली आल्यावर मध्येच अडतो, हे तो पाहतो. बुडापाशी पोहोचेपर्यंत कातणारा थकलेला असतो, आणि तिथे कोणी बघणार नाही अशी त्याची समजूतही असते. म्हणून त्याने किती मन लावून काम केलंय ते तिथे सगळ्यात लवकर कळतं. मग वाडगा सरळ करून अंगठा आत आणि बोटं बाहेर अशी पकड घेऊन तो भिंतीवरून हात उतरवत नेतो, पुष्कळदा डोळे मिटून. जाडी कुठे वाढली आणि कुठे घटली, हे नजरेपेक्षा बोटांना आधी कळतं.

या तपासणीला फार तर अर्धं मिनिट लागतं. त्यानंतर तो काय बोलतो यावर समोरच्या माणसाचा पुढचा वाडगा बराच अवलंबून असतो. कारागिरीतल्या टीकेचा विषय निघाला की चर्चा सौम्य बोलावं की परखड बोलावं याच फाट्याशी येऊन थांबते. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. शिकणाऱ्याचं खरं नुकसान मोघम बोलण्याने होतं. गोड पण मोघम आणि कठोर पण मोघम, दोन्ही सारखंच निरुपयोगी. हे समजून घ्यायला लाकूड कातण्याचं क्षेत्र फार सोयीचं आहे, कारण इथे चूक मनात किंवा मतात नसते. ती लाकडावर उमटलेली असते आणि बोटाने दाखवता येते.

पूर्वी या कामात वेगळी टीका करायची गरजच पडत नसे. चौदाव्या शतकातल्या लंडनमध्ये कातारी दारूविक्रीची लाकडी मापं बनवत, आणि ती शहराच्या प्रमाणित मापाबरहुकूमच असली पाहिजेत असं त्यांना बजावलं गेलं होतं. माप भरलं नाही तर काम खोटं, त्यावर चर्चा नाही. पुढे 1604 मध्ये तिथल्या कातार्‍यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. कारखान्यात शिकाऊ पोरगं उस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राही. हत्यार चुकीच्या कोनात गेलं की आवाज बदलतो, आणि तो आवाज ऐकून उस्ताद पाठमोरा असतानाही ओळखे. सांगण्याआधीच तो हात धरून कोन बदलून देई.

आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी फळं किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी घडतात तिथेही एक कडक परीक्षक कायम हजर असतो. तो म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आकार. आंबा आंब्यासारखा दिसला पाहिजे. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. खाली पृष्ठभाग खरबरीत राहिला असेल तर लाख एकसारखी बसत नाही आणि कातणाऱ्याची कसूर रंगातच दिसते. सवयीचा आकार, सवयीचं लाकूड आणि शेजारी बसलेला काका किंवा भाऊ, एवढं असलं की टीकेसाठी वेगळी बैठक भरवावी लागत नाही.

हौशी माणसाकडे यातलं काहीच नसतं. विसाव्या शतकात खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, हत्यारांच्या मुठी हे सगळं आपोआप चालणारी यंत्रं करू लागली आणि पाश्चात्त्य देशांत कातकामाचे जुने कारखाने ओस पडले. कातायचं यंत्र, म्हणजे लेथ, मात्र घराघरांतल्या गॅरेजमध्ये गेलं. तिथे एकटा माणूस पुस्तक समोर ठेवून, चुकत माकत शिकू लागला. अमेरिकेत अशा विखुरलेल्या माणसांची गाठभेट व्हावी म्हणून 1970 च्या दशकापासून मेळावे सुरू झाले. 1985 मध्ये टेनेसी राज्यातल्या गॅटलिनबर्गच्या अ‍ॅरोमाँट कलाशाळेत असाच एक मोठा मेळावा झाला आणि त्यातून पुढच्या वर्षी, 1986 मध्ये, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था उभी राहिली. डेव्हिड एल्सवर्थ तिचे पहिले अध्यक्ष. जेमतेम बोट जाईल एवढ्या तोंडातून वाकडी हत्यारं आत घालून, आतली बाजू डोळ्यांना न दिसता, पातळ भिंतींची पोकळ भांडी कातणारे म्हणून ते ओळखले जातात. आज या संस्थेच्या शेकडो स्थानिक शाखा आहेत. शाखेच्या मासिक बैठकीत एक टेबल राखून ठेवलेलं असतं. ज्याने महिन्याभरात जे केलं ते त्याने तिथे मांडायचं. संस्थेच्या वार्षिक संमेलनात याचंच मोठं रूप पाहायला मिळतं. मोठ्या दालनात सभासदांनी आणलेल्या कामांच्या रांगा लागतात. निवड समिती नाही, नवखा आणि नामवंत शेजारी शेजारी. अनुभवी मंडळी त्यातली काही कामं उचलून सर्वांसमोर त्यांच्याविषयी बोलतात. उस्तादाची उणीव भरून काढायला शोधलेली ही व्यवस्था आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

पण टेबल मांडलं म्हणून टीका आपोआप होत नाही. पुष्कळदा होतं असं की वाडगा हातोहात फिरतो आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘वा, काय सुंदर लाकूड आहे!’ ही झाडाची स्तुती झाली. अक्रोडाच्या गाठीतली नागमोडी नक्षी झाडाने केली, वाडगा माणसाने. स्तुती करणाऱ्यांच्या मनात चांगुलपणाच असतो, पण वाडगा घेऊन आलेला माणूस घरी जातो तेव्हा पुढच्या वेळी हात कुठे वेगळा चालवायचा हे त्याला कळलेलं नसतं. त्याच्या बाकात जिथे सपाट टप्पा आहे तिथे तो पुढच्या वेळीही राहतो.

अभिप्रायाने काम खरंच सुधारतं का, या प्रश्नाचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये त्याआधीच्या कित्येक दशकांतल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. 607 परिणाम आणि 23 हजारांहून जास्त निरीक्षणं. कामाबद्दल अभिप्राय दिला की सरासरीने काम सुधारतं, हे त्यात दिसलंच. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडलं होतं, हेही दिसलं. त्यांनी त्याची जी उपपत्ती दिली ती कारागिरांनी मनावर घेण्यासारखी आहे. अभिप्राय ऐकून माणसाचं लक्ष हातातल्या कामाकडे गेलं तर फायदा होतो. लक्ष स्वतःकडे वळलं, ‘मी चांगला की वाईट’ या विचारात अडकलं, तर तोटा होतो. आणि हे निंदेइतकंच स्तुतीलाही लागू आहे. 2007 मध्ये जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी शिक्षणातल्या अभिप्रायाचा आढावा घेतला, त्यातही माणसाची वाहवा करणारा अभिप्राय शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा ठरला. उपयोगी अभिप्राय तीन प्रश्नांची उत्तरं देतो असं त्यांनी मांडलं: कुठे जायचंय, आत्ता कुठवर आलोय, आणि पुढचं पाऊल कोणतं.

‘पुढचं पाऊल’ लाकडाच्या बाबतीत किती नेमकं सांगता येतं याचं एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

नवशिक्याच्या वाडग्यावर बाहेरच्या अंगाला दोन ठिकाणी, बरोबर समोरासमोर, खरबरीत डाग दिसतात. ‘फिनिशिंग जरा कमी पडलंय’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे ऐकून तो घरी जाऊन जास्त वेळ काचकागद घासतो. आता बघा काय होतं. वाडग्याचा ठोकळा साधारणपणे असा धरलेला असतो की लाकडाचे तंतू फिरण्याच्या आसाला आडवे असतात. त्यामुळे एका फेऱ्यात हत्याराच्या धारेसमोर दोनदा तंतूंच्या कडा येतात आणि दोनदा त्यांची तोंडं. तोंडाकडचे तंतू मागून आधार नसेल तर कापले न जाता उपटले जातात. डाग दोनच आणि समोरासमोर असण्याचं कारण हे. काचकागद घासून ते जात नाहीत, कारण काचकागद कडांकडचं मऊ लाकूड लवकर खातो आणि तोंडाकडचं टणक लाकूड हळू. जास्त घासलं की वाडगा किंचित लांबट होतो आणि डाग तरीही राहतात.

खरा उपाय हत्यारात आणि दिशेत आहे. बाहेरच्या अंगाला बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे कापत जायचं. आतल्या अंगाला उलट, काठाकडून मध्याकडे. तसं केलं की प्रत्येक तंतूला पाठीमागून दुसऱ्या तंतूंचा आधार मिळतो. शेवटचा हात मारण्याआधी गाउजला, म्हणजे कातायच्या पन्हळीदार हत्याराला, नव्याने धार लावायची, धारेमागचा उतार लाकडावर टेकता ठेवायचा आणि अगदी पातळ साल काढायची. आता हेच एका वाक्यात कसं सांगता येईल? ‘हे दोन डाग तंतू उपटल्याचे आहेत, शेवटचा हात कोणत्या दिशेने मारला होता?’ या वाक्यात चूक कुठे ते आहे, का ते आहे आणि उपायाची वाटही आहे. त्यात रागही नाही आणि लाडही नाही. ऐकणाऱ्याचं लक्ष स्वतःकडे जायला जागाच उरत नाही, ते थेट हत्याराच्या दिशेकडे जातं.

म्हणून मी म्हणेन की चांगली टीका करता यायला आधी बघता आलं पाहिजे, आणि त्यासाठी त्या कामाचं ज्ञान लागतं. शब्द मवाळ करण्याचं शिक्षण त्यानंतरचं.

आकाराच्या बाबतीत बघणं जास्त अवघड आहे, पण तिथेही मोघम राहायचं कारण नाही. रिचर्ड रफान हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि नंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले कातारी. त्यांनी 1987 मध्ये केवळ वाडग्याच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं. एका साध्या भांड्यासाठी अख्खं पुस्तक लागावं इतकं त्यात बघण्यासारखं आहे. नवशिक्याचा वाडगा बहुधा जड बुडाचा असतो. आतून कातताना बूड फुटून आरपार जाईल या भीतीने तो तळाशी लाकूड राखून ठेवतो, आणि चकची पकड मोठी असल्याने बैठकही रुंद राहते. बाहेरून बघितलं की वाडगा जमिनीत रुतल्यासारखा दिसतो. कातार्‍यांमध्ये एक ढोबळ अंदाज वापरला जातो: बैठकीचा व्यास काठाच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश. 30 सेंटिमीटरच्या वाडग्याला 10 ते 12 सेंटिमीटरची बैठक. हा नियम नाही. पण ‘आकार जड वाटतो’ असं म्हणण्यापेक्षा ‘बैठक 15 सेंटिमीटर आहे, ती 11 वर आणून बघा’ असं म्हटलं तर माणूस लगेच लेथकडे वळू शकतो.

बाकाचंही तसंच. दोन खिळ्यांवर हलकी साखळी लोंबती सोडली की तिचा जो बाक तयार होतो, तो डोळ्याला कुठेही अडत नाही. पुष्कळ कातारी अशी साखळी आपल्या वाडग्याच्या कडेशी धरून किंवा कागदावर त्या बाकाची रेघ काढून ताडून बघतात. वाडग्याचा बाक साखळीसारखाच हवा असं मुळीच नाही, पण तो कुठे आणि किती वेगळा आहे हे कळतं. टीका करणाऱ्याच्या हातात अशी साखळी असली की ‘मला काहीतरी खटकतंय’ हे वाक्य ‘काठाखाली तीन बोटांवर बाक सपाट झालाय’ इथपर्यंत येतं. दूर राहणाऱ्या जाणकाराला फोटो पाठवून मत विचारायचं असेल तर म्हणूनच एक फोटो अगदी बाजूने, वाडग्याच्या मध्याच्या उंचीवरून, साध्या एकरंगी पडद्यापुढे काढावा. वरून काढलेल्या फोटोत लाकडाची नक्षी छान दिसते आणि आकार अजिबात दिसत नाही. वजन तर कोणत्याच फोटोत दिसत नाही. ते तराजूवर टाकून आकडा सांगावा.

आता अशी एक बाब, जिच्यात जाणकारही चुकतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचरच्या रचनेचे प्राध्यापक असलेले डेव्हिड पाय स्वतः लाकडाची भांडी करत. वाडग्यांवर बारीक पन्हळी कोरण्यासाठी त्यांनी स्वतःचं यंत्र बनवलं होतं. 1968 च्या त्यांच्या कारागिरीवरच्या पुस्तकात त्यांनी रचना आणि कारागिरी यांत स्पष्ट रेघ ओढली. रचना म्हणजे जे कागदावर किंवा शब्दांत आधी सांगता येतं ते. ती प्रत्यक्षात आणताना हाताकडून जे घडतं ती कारागिरी. काही कामांत निकाल आधीच बांधलेला असतो, साच्यातून वस्तू निघते तसा. काही कामांत मात्र शेवटच्या क्षणापर्यंत सगळं पणाला लागलेलं असतं आणि हात चुकला की संपलं. लेथवर हाताने कातणं या दुसऱ्या जातीचं. पाय यांची ही रेघ टीकेत फार उपयोगी पडते. ‘लॅकरखाली काचकागदाचे गोल ओरखडे दिसताहेत’ हा कारागिरीतला दोष झाला आणि तो निर्विवाद आहे. ‘काठ बाहेर वळवण्याऐवजी आत घेतला असता तर बरं’ हे रचनेबद्दलचं मत झालं. ‘अक्रोडावर चकाकी मला आवडत नाही’ ही तर निव्वळ स्वतःची आवड. बोलणाऱ्याने यातलं आपण काय बोलतोय ते आधी सांगावं. तिन्ही गोष्टी एकाच अधिकारवाणीने बोलल्या गेल्या की नवशिक्या त्या वडीलधाऱ्याच्या आवडीलाच कामाचा नियम समजून बसतो. मग अख्ख्या शाखेत सगळ्यांचे वाडगे एकसारखे दिसू लागतात. ही हानी मला ओरखड्यांपेक्षा मोठी वाटते.

कारण दोष कोणता आणि हेतू कोणता हे वस्तूकडे पाहून दर वेळी कळत नाही. बुरशीने काळ्या रेघा पडलेलं लाकूड अनेक पिढ्या कुजकं म्हणून जळणात जात होतं. अमेरिकेत मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या बापलेकांनी त्याच लाकडाची भांडी केली आणि त्या रेघा लोकांना चित्रासारख्या दिसू लागल्या. कॅनडातल्या स्टीफन हॉगबिन यांनी कातलेली वस्तू कापली आणि तिचे तुकडे वेगळ्या रीतीने जोडले. गोल वस्तू गोलच राहिली पाहिजे हे गृहीत तिथे मोडलं. ज्याला त्या काळी टेबलावर ‘लाकूड सडकं आहे’ किंवा ‘भांडं फुटलंय’ एवढंच दिसलं असेल, त्याची नजर चुकीची नव्हती, पण त्याने प्रश्न विचारला नव्हता. तडा मुद्दाम ठेवलाय का? हे भांडं जेवणासाठी आहे की मांडण्यासाठी? जेवणाच्या वाडग्याला तडा असेल तर त्यात अन्न अडकतं, तिथे तो दोषच. मांडायच्या वस्तूत तोच तडा रचनेचा भाग असू शकतो.

मत देण्याआधी असे प्रश्न विचारण्याची पद्धत अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमाराला नीट बांधून दिली. नृत्यासाठी सुरू झालेली ही रीत आता कितीतरी क्षेत्रांत वापरतात. तिचे चार टप्पे आहेत. आधी बघणारे त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवलेलं चालत नाही. ‘बूड एवढं जाड का ठेवलं?’ हा प्रश्नाच्या वेषातला ठपका आहे. ‘बुडाची जाडी कशी ठरवलीत?’ हा खरा प्रश्न. शेवटी मत, तेही ‘या गोष्टीबद्दल मला एक मत आहे, ऐकायचंय का?’ असं विचारून. लाकडाच्या टेबलापाशी चारही टप्पे साग्रसंगीत पाळायला वेळ नसतो, आणि मला वाटतं गरजही नसते, कारण इथले बरेचसे दोष मतावर अवलंबून नसतात. पण तिसरा टप्पा मात्र कधी गाळू नये. खऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देता कातणाऱ्याला स्वतःच उमगतं की जाडी त्याने ठरवली नव्हती, ती भीतीने राहिली होती. असं स्वतःहून उमगलेलं टिकतं.

परवानगी विचारत बसायचं नाही अशी एकच जागा आहे, सुरक्षितता. ठोकळ्याचा इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान राहावा, असा कातार्‍यांमध्ये सर्वमान्य अंदाज आहे. 12 इंची वाडग्याला म्हणजे मिनिटाला 500 ते 750 फेरे. 750 फेऱ्यांनाही काठाचा वेग ताशी 43 किलोमीटर होतो. कोणी तोच ठोकळा 2000 फेऱ्यांवर लावला तर काठ ताशी 115 किलोमीटरने फिरतो, आणि त्यात न दिसणारा तडा असेल तर त्या वेगाने सुटलेला तुकडा तोंडाच्या दिशेने येऊ शकतो. तोंडावर पूर्ण ढाल न लावता कातणारा, सैल बाह्यांचा शर्ट घालून उभा राहणारा, मास्कशिवाय काचकागद घासणारा दिसला तर तिथल्या तिथे थांबवावं. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलेलं आहे. इथे भावना जपण्यापेक्षा डोळे आणि फुप्फुसं जपणं महत्त्वाचं.

बाकी सगळ्या ठिकाणी एका वेळी एकच गोष्ट सांगावी. पहिला वाडगा घेऊन आलेल्या माणसाच्या कामात दहा दोष असतात, आणि जाणकाराला दहाही दिसतात. दहाही सांगितले तर तो एकही सुधारत नाही. माझा कल आधी धार, मग आकार आणि सगळ्यात शेवटी पॉलिश असा आहे. बोथट हत्याराने केलेल्या कामात बाकीच्या सूचना वाया जातात. आणि जे खरोखर चांगलं झालंय तेही तितकंच नेमकं सांगावं: ‘काठाची जाडी सगळीकडे सारखी राखलीय.’ अशी स्तुती उपयोगी असते. ती ऐकल्यावर पुढच्या वेळी तो काठ तसाच जपतो.

ऐकणाऱ्याचीही एक कारागिरी असते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. ‘कसा वाटला?’ असं विचारणाऱ्याला ‘छान’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी ‘बुडाच्या वर दोन बोटांवर बाक अडखळतो असं मला वाटतंय, तुम्हाला दिसतंय का?’ असं विचारलं तर समोरचा माणूस वाडगा उचलून, डोळ्यांच्या रेषेत धरून, खरोखर बघतो. स्वतःला जे खटकतंय ते आधी बोलून दाखवलं की समोरच्याचा संकोचही जातो. टीका चालू असताना ‘लाकूडच ओलं होतं’, ‘लेथ लहान आहे’ अशी उत्तरं ओठांवर येतात. ती खरीही असतील. पण त्या क्षणी ती दिली तर सांगणारा थांबतो, आणि जे पुढे कळणार होतं ते राहून जातं. वहीत लिहून घ्यावं, आभार मानावेत, आणि ताडून बघणं घरी लेथवर करावं.

ताडून बघायची कातार्‍यांची एक धाडसी रीत आहे. वाडगा मधोमध उभा चिरायचा. भिंतीची जाडी काठापासून बुडापर्यंत कशी बदलत गेली ते कापलेल्या कडेवर स्पष्ट दिसतं. कोणाच्या मताची गरज राहत नाही. मेहनतीने केलेली वस्तू कापायला जीव होत नाही हे खरं, पण एक चिरलेला वाडगा जे शिकवतो ते कपाटात मांडून ठेवलेले वाडगे शिकवत नाहीत. ओल्या लाकडात काम करणाऱ्यांना तर हे फारच उपयोगी. लाकूड वाळताना वर्तुळाकार वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं ते मध्यापासून सालीच्या दिशेने आकसण्याच्या सुमारे दुप्पट असतं. म्हणून ओला वाडगा आधी जाड कातून ठेवतात, भिंत व्यासाच्या साधारण एक दशांश, म्हणजे 30 सेंटिमीटरला 3 सेंटिमीटर, आणि काही महिने वाळल्यावर पुन्हा कातून गोल करतात. भिंत कुठे जाड कुठे पातळ राहिली तर वाळण्याचा वेग ठिकठिकाणी वेगळा पडतो आणि तडे जातात. तडा गेला की दोष लाकडाला दिला जातो. चिरून बघितलं की खरं कारण बहुधा मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

दोन जाणकार उलटसुलट बोलले तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्यापुढे येतो. एक म्हणतो काठ पातळ करा, दुसरा म्हणतो काठाला थोडी जाड पट्टी ठेवा. शिकणारा गोंधळतो आणि दोन्ही सल्ले सोडून देतो. पण दोघांचीही नजर काठाशीच अडली, हे त्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. जागेबद्दल त्यांचं एकमत आहे, उपाय मात्र कातणाऱ्याने शोधायचा. त्यासाठी एकाच झाडाचे, एकाच मापाचे तीन-चार ठोकळे घ्यावेत, तोच आकार कातावा आणि दर वेळी फक्त काठ बदलावा. शेजारी शेजारी मांडले की उत्तर स्वतःलाच दिसतं. अनुभवी कातारी नवशिक्यांना दर वेळी नवा आकार करू नका असं बजावतात ते याचसाठी. प्रत्येक वाडगा वेगळा असेल तर तुलनेला आधारच राहत नाही.

पुण्यात, नाशिकला, नागपूरला किंवा परदेशात, कुठेही तुमच्या घरात छोटा लेथ असेल आणि तुम्ही एकट्याने शिकत असाल, तर ओळखीपाळखीतून चार जण जमवा. सुतारकामातलं कोणी, जमल्यास जुन्या पिढीतला एखादा कातारी, आणि वाडगा रोज वापरणारं घरातलं कोणी तरी अवश्य घ्या, कारण तो हातात कसा बसतो आणि धुताना काय त्रास देतो हे त्यांनाच माहीत असतं. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा. प्रत्येकाने एकच वस्तू आणायची आणि एकच प्रश्न विचारायचा. बाकीच्यांनी वस्तू हातात घेऊन, उलटी करून, बोट ठेवून उत्तर द्यायचं. आणि पुढच्या महिन्यात येताना नव्या वस्तूबरोबर मागच्या महिन्याचीही आणायला सांगा, म्हणजे काय बदललं ते सगळ्यांना शेजारी शेजारी बघता येईल.